नऊ अंकी संख्येची फोड: मोठी संख्या हाताने कशी तपासावी

मे महिन्यात रत्नागिरीहून पुण्याला धाडायच्या आंब्याच्या पेट्यांवर बिल्टीचे कागद चिकटवत असताना माझ्या भाचीने एका कागदावर बोट ठेवून विचारले, "मामा, एवढ्या मोठ्या संख्येला कशाकशाने भाग जातो, ते कॅल्क्युलेटरशिवाय कळतं का हो?" संख्या होती १६,६०,८१,६०८. वीज गेलेली होती, टेम्पो यायला अवकाश होता, आणि उत्तर 'कळतं' असेच होते. अर्ध्या तासात आम्ही त्या संख्येची पुरती फोड केली. शाळा सुटल्यानंतर ज्यांचा विभाज्यतेच्या कसोट्यांशी संबंध राहिलेला नाही, अशा वाचकांसाठी तीच कृती येथे पायरीपायरीने मांडतो आहे.

साहित्य म्हणून कागद, पेन्सिल आणि लहान मूळ संख्यांची एक यादी पुरते. ज्या संख्येला १ आणि ती स्वतः यांखेरीज कोणाचाही पूर्ण भाग जात नाही ती मूळ संख्या: २, ३, ५, ७, ११, १३, १७ आणि पुढे. कोणतीही संख्या मूळ अवयवांच्या गुणाकारात मांडण्याची रीत, क्रम सोडला तर, एकच असते. म्हणूनच ही फोड एकदा हाती आली की त्या संख्येचे बहुतेक गुणधर्म साध्या गुणाकाराने निघतात. खरे कष्ट फोडीपर्यंतचेच असतात.

आधी संख्या सुलटी धरा

हे सांगण्याची वेळ माझ्यावर माझ्याच चुकीने आली आहे. पेटी उलटी ठेवलेली होती, बिल्टीवरचे आकडे इंग्रजी वळणाचे होते, आणि नेमके १, ६, ८ आणि ० एवढेच अंक असलेली ती संख्या उलटी वाचली तरी संख्येसारखीच दिसते: ६ चा ९ होतो, बाकीचे तीन अंक तसेच राहतात आणि क्रम मागचा पुढे होतो. मी वहीत ८०,९१,८०,९९१ असे उतरवून घेतले आणि एककस्थानी १ पाहून संख्या विषम असल्याचे जाहीरही करून टाकले. भाचीने पेटी सुलटी केली तेव्हा माझे अज्ञान उघड झाले. तेव्हा संख्या उतरवून घेतल्यावर एकेका अंकावर बोट ठेवून ती पुन्हा वाचावी. या कामात अर्ध्याहून अधिक चुका भागाकारात नव्हे, उतरवून घेण्यात होतात असा माझा अनुभव आहे.

दोन

शेवटचा अंक ८, म्हणून संख्या सम आहे. दोनने किती वेळा भाग जातो ते पाहण्यासाठी प्रत्येक वेळी भागाकार करण्याची गरज नसते. १०० ला ४ ने पूर्ण भाग जातो, म्हणून ४ ची कसोटी शेवटच्या दोन अंकांवर ठरते; १,००० ला ८ ने भाग जातो, म्हणून ८ ची कसोटी शेवटच्या तीन अंकांवर ठरते. आपल्या संख्येचे शेवटचे तीन अंक ६०८, आणि ६०८ म्हणजे ८ × ७६. आठने भाग जातो.

येथे नवखा माणूस हमखास फसतो. ६०८ ला १६ नेही भाग जातो, इतकेच नव्हे तर ६०८ म्हणजे ३२ × १९, आणि त्यावरून मूळ संख्येलाही ३२ ने भाग जातो असे लिहून मोकळे व्हावेसे वाटते. पण शेवटचे तीन अंक फक्त ८ पर्यंतचीच ग्वाही देतात, कारण १,००० ला १६ ने पूर्ण भाग जात नाही. सोळासाठी शेवटचे चार अंक घ्यावे लागतात, आणि १,६०८ ला १६ ने भागल्यास बाकी ८ उरते. म्हणजे दोन हा अवयव तीनच वेळा येतो. कसोटी जेवढे सांगते तेवढेच ऐकायचे, हे पथ्य पुढच्या पायऱ्यांवरही पाळावे लागणार आहे.

आठने भागून उरते २,०७,६०,२०१.

तीन आणि नऊ

१० ला ९ ने भागल्यास बाकी १ राहते. १००, १,००० आणि पुढच्या सर्व दशकपटींचेही तसेच. त्यामुळे एखाद्या संख्येला ९ ने भागल्यावर जी बाकी उरते, तीच तिच्या अंकांच्या बेरजेला ९ ने भागल्यावर उरते. मूळ संख्येच्या अंकांची बेरीज ३६, म्हणून ९ ने पूर्ण भाग जातो. (माझ्या उलट्या संख्येलाही ९ ने भाग जातच होता: संख्येत तीन ६ आहेत, प्रत्येकाचा ९ झाल्याने बेरीज एकूण ९ ने वाढून ४५ होते.) २,०७,६०,२०१ ला ९ ने भागून उरते २३,०६,६८९.

आता याच रीतीने २७ ची कसोटी घेण्याचा मोह टाळावा. अंकांची बेरीज २७ आली म्हणजे संख्येला २७ ने भाग जातोच असे नाही. १,८९९ च्या अंकांची बेरीज २७ आहे, पण २७ ने भागल्यास बाकी ९ उरते. खात्रीचा मार्ग असा, की ९ ने भागून झाल्यावर उरलेल्या संख्येच्या अंकांची बेरीज पुन्हा घ्यावी. २३,०६,६८९ च्या अंकांची बेरीज ३४ आहे, तिला ३ ने भाग जात नाही, म्हणून तीन हा अवयव दोनच वेळा.

पाचचा प्रश्न शेवटचा अंक ९ असल्यामुळे उद्भवत नाही.

सात, अकरा आणि तेरा एकदम

या पायरीसाठी थोडे थांबावे, कारण संपूर्ण कृतीत मला सर्वांत आवडणारी गोष्ट हीच आहे. ७ × ११ × १३ = १,००१. म्हणजे १,००० ही १,००१ च्या पटीपेक्षा एकने कमी आहे. त्याचा उपयोग असा, की संख्येचे उजवीकडून तीन तीन अंकांचे गट पाडावेत आणि ते आळीपाळीने अधिक व उणे करावेत. जे उत्तर येईल त्याला ७, ११ किंवा १३ ने भागल्यावर जी बाकी उरते, तीच बाकी मूळ संख्येचीही असते.

गट पाडताना मात्र आपल्या स्वल्पविरामांवर विसंबून चालणार नाही. आपण लाख-कोटीच्या रीतीने २३,०६,६८९ असे लिहितो. त्यात पहिला गट तीन अंकांचा आणि पुढचे दोन दोन अंकांचे असतात. येथे स्वल्पविराम पुसून २, ३०६ आणि ६८९ असे गट करावे लागतात. मग ६८९ − ३०६ + २ = ३८५.

३८५ म्हणजे ५ × ७ × ११. यावरून आपल्या संख्येला ७ ने आणि ११ ने भाग जातो हे एका ओळीत कळले. १३ ने ३८५ ला भागल्यास बाकी ८ उरते, म्हणून तेरा बाद. आणि पाच? ३८५ ला पाचने भाग जातो खरा, पण ही कसोटी पाचबद्दल काहीच बोलत नाही, कारण पाच हा १,००१ चा अवयवच नाही. सहाशे आठमधल्या बत्तीसचीच ही दुसरी आवृत्ती आहे.

७७ ने भागून उरते २९,९५७. सात किंवा अकरा पुन्हा येतो का, हे त्याच रीतीने पाहून घ्यावे: ९५७ − २९ = ९२८, आणि ९२८ ला ७, ११ व १३ ने भागल्यास अनुक्रमे ४, ४ आणि ५ अशा बाक्या उरतात. तिन्ही संपले.

कोठे थांबायचे

येथून पुढे सोप्या कसोट्या नाहीत. एकेका मूळ संख्येने सरळ भागून पाहायचे. पण किती दूरवर? एखादी संख्या दोन संख्यांचा गुणाकार असेल, तर त्या दोघींपैकी निदान एक तरी तिच्या वर्गमूळापेक्षा मोठी नसते. १७३ चा वर्ग २९,९२९ आणि १७४ चा ३०,२७६. म्हणून २९,९५७ साठी १७३ पर्यंत जाणे पुरेसे आहे. १७३ ही चाळिसावी मूळ संख्या आहे, म्हणजे नशीब अगदीच वाईट असले तरी आणखी चौतीस भागाकारांच्या पलीकडे काम जात नाही.

आमचे नशीब बरे होते. १७ ने भागल्यास बाकी ३, १९ ने १३, २३ ने ११, आणि २९ ने पूर्ण भाग: २९ × १,०३३ = २९,९५७.

आता १,०३३ कडे पाहू. ३२ चा वर्ग १,०२४ आणि ३३ चा १,०८९, म्हणून ३१ पर्यंतच्या मूळ संख्या तपासणे आले. पण २३ पर्यंतच्या साऱ्या तपासून झालेल्याच आहेत: १,०३३ ला ज्याने भाग जाईल त्याने २९,९५७ लाही गेला असता, आणि तो गेलेला नाही. राहिले फक्त २९ आणि ३१. २९ ने भागल्यास बाकी १८, ३१ ने १०. म्हणजे १,०३३ ही मूळ संख्या आहे आणि फोड पूर्ण झाली:

१६,६०,८१,६०८ = २ × २ × २ × ३ × ३ × ७ × ११ × २९ × १,०३३

पडताळा उलट्या दिशेने गुणाकार करून घ्यावा. ८ × ९ = ७२; ७२ × ७७ = ५,५४४; त्याला २९ ने गुणून १,६०,७७६; त्याला १,०३३ ने गुणून पुन्हा बिल्टीवरची संख्या. हा पडताळा आळसाने गाळू नये.

विभाजक किती

पेटीचे उदाहरण घेऊ. पाच डझनांच्या पेटीत ६० आंबे असतात, आणि ६० म्हणजे २ × २ × ३ × ५. साठचा कोणताही विभाजक बनवताना दोन हा अवयव शून्य, एक किंवा दोन वेळा घेता येतो, म्हणजे तीन रीती, तीन घ्यायचा किंवा सोडायचा, दोन रीती, पाचचेही तसेच. ३ × २ × २ = १२, आणि साठला खरोखर बाराच विभाजक आहेत. नियम असा, की प्रत्येक मूळ अवयव जितक्या वेळा येतो त्यात एक मिळवायचा आणि सर्वांचा गुणाकार करायचा.

आपल्या संख्येत दोन तीनदा, तीन दोनदा, बाकीचे चार एकेकदा: ४ × ३ × २ × २ × २ × २ = १९२. बिल्टीवरच्या त्या निरस दिसणाऱ्या संख्येला १९२ विभाजक आहेत, हे ऐकून भाचीने ते सगळे लिहून काढायला घेतले होते. टेम्पो आल्यामुळे ते राहिले.

विभाजकांची बेरीज

सगळे विभाजक न लिहिताही त्यांची बेरीज काढता येते. प्रत्येक मूळ अवयवासाठी १ पासून त्याच्या सर्वांत मोठ्या घातापर्यंत बेरीज करावी आणि त्या बेरजांचा गुणाकार करावा. दोनसाठी १ + २ + ४ + ८ = १५; तीनसाठी १ + ३ + ९ = १३; सात, अकरा, एकोणतीस आणि १,०३३ यांसाठी अनुक्रमे ८, १२, ३० आणि १,०३४. या सहांचा गुणाकार ५८,०६,९४,४००.

यातून ती संख्या स्वतः वजा केली तर ४१,४६,१२,७९२ उरतात, म्हणजे तिच्या लहान विभाजकांची बेरीज तिच्याहून बरीच मोठी आहे. अशा संख्येला विपुल म्हणतात. बेरीज कमी भरली तर न्यून, आणि नेमकी तेवढीच भरली तर परिपूर्ण; ६ आणि २८ या पहिल्या दोन परिपूर्ण संख्या, कारण १ + २ + ३ = ६ आणि १ + २ + ४ + ७ + १४ = २८. लहान मूळ अवयव जितके अधिक, तितका संख्येचा कल विपुलतेकडे.

सहमूळ संख्या किती

१ पासून १६,६०,८१,६०८ पर्यंतच्या किती संख्यांचा तिच्याशी १ खेरीज एकही सामाईक विभाजक नाही, हा प्रश्न ऐकायला भीतिदायक आहे, पण फोड हाती असताना तो एका ओळीचा आहे. एकूण संख्यांमधून दोनच्या पटी गाळल्या की निम्म्या उरतात. त्यातून तीनच्या पटी गाळल्या की दोन तृतीयांश. मग सहा सप्तमांश, दहा अकरांश, आणि असेच पुढे. हिशेब पूर्णांकांत ठेवायचा असेल तर ४ × ६ × ६ × १० × २८ × १,०३२ असा गुणाकार करावा. पहिल्या पाचांचाच गुणाकार ४०,३२० येतो, जो १ ते ८ या अंकांचाही गुणाकार आहे (हा निव्वळ योगायोग), आणि अंतिम उत्तर ४,१६,१०,२४०, म्हणजे मूळ संख्येच्या पावपटीहून किंचित अधिक.

दोन वर्गांची बेरीज

संख्या दोन वर्गांच्या बेरजेत मांडता येते का, हेही फोडच सांगते. ४ ने भागल्यास ज्यांची बाकी ३ उरते असे मूळ अवयव पाहावेत. त्यांपैकी प्रत्येक सम वेळा आला पाहिजे. आपल्याकडे तीन दोनदा आला आहे, ते चालते; पण सात एकदाच, आणि अकराही एकदाच. म्हणून उत्तर 'नाही'. २९ = २५ + ४ आणि १,०३३ = १,०२४ + ९ असे ते दोघे सुटेसुटे मांडता येतात, पण सात आणि अकरा साऱ्यावर पाणी फिरवतात. चार वर्गांची मुभा दिली तर मात्र प्रत्येक नैसर्गिक संख्या बसते. हे लाग्रांजने १७७० मध्ये सिद्ध केले.

हर्षद संख्या

हा गुणधर्म कोकणच्या माणसाने वगळू नये. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जातो, तिला हर्षद संख्या हे नाव दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांनी दिले. त्यांचा जन्म १९०५ मध्ये डहाणूचा. आयुष्यभर ते देवळालीला शाळामास्तर होते, आणि १९२७ मध्ये त्यांना गणितातील ज्या पारितोषिकाने गौरवण्यात आले ते रँग्लर परांजप्यांच्या नावाचे होते, जे दापोली तालुक्यातल्या मुर्डी गावचे. आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज ३६, आणि फोडीत ४ व ९ दोन्ही असल्याने ३६ ने भाग जाणारच, भागाकार ४६,१३,३७८. म्हणजे बिल्टीवरची संख्या हर्षद निघाली. मी उलटी वाचलेली संख्या मात्र नव्हे, कारण तिच्या अंकांची बेरीज ४५, आणि एककस्थानी १ असलेल्या संख्येला ४५ ने भाग जाणे शक्य नाही.

कापरेकरांचीच प्रसिद्ध ६१७४ ही संख्या पहिल्या सरावाला उत्तम आहे. अंकांची बेरीज १८, आणि १८ ने भागल्यावर उरतात ३४३, म्हणजे ७ × ७ × ७. सात एकदा निघाला म्हणून पुढे जाणारे येथे अडखळतात.

यंत्र वापरायचे झाल्यास

बारा-तेरा अंकांपलीकडे हाताचा हट्ट धरण्यात अर्थ नाही, पण साधन निवडताना सावध राहावे. एक्सेल संख्येचे पंधराच अंक नेमके राखते आणि पुढचे गुपचूप शून्य करते. वीस अंकी संख्या त्यात लिहिली तर आपण तपासतो ती संख्या आपली राहिलेलीच नसते. पायथॉनमध्ये पूर्णांकांना अशी मर्यादा नाही, आणि लिनक्सवर फोड करण्यासाठी फॅक्टर नावाची आज्ञा आयती असते. हेही लक्षात ठेवावे, की संख्या मूळ आहे का, आणि तिचे अवयव कोणते, हे दोन निराळे प्रश्न आहेत. पहिल्यासाठी वेगवान आणि निर्विवाद रीत २००२ मध्ये कानपूरच्या आयआयटीतल्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी दिली. दुसरा प्रश्न अजून जड आहे: आरएसए-२५० या अडीचशे अंकी संख्येची फोड २०२० मध्ये झाली, तीही असंख्य संगणक एकत्र जुंपून.

सरावासाठी एक मोठी संख्या

१२,३४,५६,५४,३२१ घ्या. १ पासून चढत जाऊन तशाच उतरणाऱ्या या संख्या कापरेकरांच्या डेमलो संख्यांपैकी आहेत. डोंबिवली स्टेशनाच्या जुन्या नावावरून त्यांनी हे नाव ठेवले. संख्या विषम आहे. अंकांची बेरीज येथेही ३६, म्हणून ९ ने भागावे, उरतात १,३७,१७,३९,३६९. तीन तीन अंकांचे गट करा: ३६९ − ७३९ + ३७१ − १ = ०. शून्य आले की घाबरू नये. शून्याला सात, अकरा आणि तेरा या तिघांनीही भाग जातो, म्हणून सरळ १,००१ ने भागावे. उरतात १३,७०,३६९. पुन्हा गट: ३६९ − ३७० + १ = ०. पुन्हा १,००१ ने भागा. आता हाती १,३६९ उरतात, ज्यांना वर्गमूळापर्यंत तपासत गेल्यास अगदी शेवटच्या पायरीवर ३७ भेटतो, आणि १,३६९ म्हणजे ३७ × ३७.

पाचही मूळ अवयव दोनदोनदा आले, म्हणून विभाजकांची संख्या ३ × ३ × ३ × ३ × ३ = २४३. ही विषम आहे, कारण विभाजक एरवी जोडीने येतात. येथे मात्र १,११,१११ या विभाजकाची जोडी त्याची स्वतःशीच लागते.